वाचकांचे प्रश्न : 'वॉशिंग्टन' या इंग्रज आडनावाची कुळकथा

प्रश्न : अमेरिकेच्या राजधानीला जॉर्ज वॉशिंग्टन यांचे नाव दिले गेले, हे शाळेपासून माहीत आहे. परंतु त्यांच्या घराण्याला हे आडनाव कसे मिळाले? मुळात ते व्यक्तीचे नाव होते, व्यवसायाचे की गावाचे?

उत्तर : ते गावाचे नाव आहे आणि ते गाव आजही इंग्लंडच्या ईशान्य भागात, वेअर नदीच्या उत्तरेला, संडरलंड आणि न्यूकॅसल या शहरांच्या दरम्यान आहे. पूर्वी ते डरॅम काउंटीत मोडत असे. 'ह्वेसा नावाच्या माणसाच्या मंडळींची वाडी' असा त्या नावाचा अर्थ लावला जातो. इंग्लंडमध्ये 'टन' हा शेवट असलेली गावे शेकड्यांनी सापडतात, त्यामुळे नावाच्या घडणीत विशेष काही नाही. विशेष आहे ते त्या गावाशी एका माणसाचे नाते कसे जुळले, याची जपली गेलेली नोंद.

विजेता विल्यम याने १०८६ मध्ये करवून घेतलेल्या 'डूम्सडे' या जमीन-पाहणीत डरॅमचा समावेश नव्हता. तेथील बिशप हे केवळ धर्मगुरू नसून राजाच्या वतीने त्या सीमाभागाचा कारभार पाहणारे सत्ताधीश होते. ती उणीव भरून काढण्यासाठी बिशप ह्यू द पुइसे यांनी ११८३ मध्ये आपल्या जमिनींची स्वतंत्र पाहणी करवून घेतली. ती 'बोल्डन बुक' या नावाने ओळखली जाते. मूळ हस्तलिखित नष्ट झाले असले, तरी नंतरच्या प्रतींमधून तिचा मजकूर आपल्यापर्यंत आला आहे. त्यात विल्यम द हर्टबर्न नावाच्या एका सरदाराची नोंद आढळते. त्याने आपले हर्टबर्न हे गाव बिशपना सोडून दिले आणि त्या बदल्यात चर्च व चर्चची जमीन वगळून उरलेले वेसिंग्टन, म्हणजे आजचे वॉशिंग्टन, हे गाव घेतले. त्यासाठी त्याने चार पौंड खंड भरावा आणि बिशपच्या मोठ्या शिकारीला चार ग्रेहाउंड कुत्र्यांसह हजर राहावे, असे ठरले होते. जमिनीचा मोबदला काही रोख रकमेत आणि काही अशा सेवेत द्यायचा, ही त्या काळची सर्वसाधारण रीत होती.

नव्या गावी स्थिरावल्यावर हे घराणे 'द वेसिंग्टन', म्हणजे 'वेसिंग्टनचे', म्हणून ओळखले जाऊ लागले. या नोंदीचे मोल मला यासाठी वाटते की, आडनाव घडण्याच्या ऐन क्षणाच्या इतके जवळ नेणारा कागद फार थोड्या घराण्यांच्या बाबतीत हाती लागतो. नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यानंतर जमीनदार वर्गात जहागिरीच्या गावावरून नाव लावण्याची प्रथा रुळली. पण ते नाव अद्याप माणसाचे नव्हते, जमिनीचे होते. जमीन बदलली की नावही बदले. ते पिढ्यान्‌पिढ्या चालणारे खरे आडनाव होण्यास पुढची दीडदोन शतके लागली आणि दक्षिणेच्या मानाने उत्तरेत ही प्रक्रिया अधिक संथ होती. मधला 'द' कालांतराने गळून गेला. लेखनही बराच काळ एकसारखे नव्हते. डरॅमच्या मठाचे १४१६ ते १४४६ या काळातील प्रमुख जॉन यांचे आडनाव 'वेसिंग्टन' असेच लिहिलेले आढळते.

प्रश्न : डरॅमजवळच्या या गावातून हे घराणे थेट व्हर्जिनियाला गेले का?

उत्तर : नाही. गाव आणि अमेरिका यांच्यामध्ये जवळजवळ पावणेपाचशे वर्षांचा काळ आहे आणि या काळात घराण्याने अर्धा इंग्लंड ओलांडला.

मूळ गावातील शाखेला पंधराव्या शतकाच्या आरंभी पुरुष वारस उरला नाही आणि मुलीच्या विवाहामुळे तेथील जहागीर टेंपेस्ट घराण्याकडे गेली. तोपर्यंत दुसरी एक शाखा पश्चिमेला जाऊन शतक उलटले होते. या शाखेतील रॉबर्टने १२९२ च्या सुमारास वेस्टमोरलंडमधील सायझर्ग येथील स्ट्रिकलंड घराण्याच्या जोनशी विवाह केला आणि त्याचे वंशज पुढे लँकशरमधील वॉर्टन गावाच्या परिसरात नांदले. वॉर्टनच्या सेंट ऑस्वल्ड चर्चच्या मनोऱ्यावर वॉशिंग्टन घराण्याचे कुलचिन्ह दगडात कोरलेले होते.

या वॉर्टनकर शाखेतील लॉरेन्स सोळाव्या शतकात दक्षिणेकडे नॉर्दॅम्प्टनला आला, तेव्हा घराण्याचे नशीब पालटले. नॉर्दॅम्प्टनच्या आसपास मेंढपाळी मोठ्या प्रमाणावर चाले आणि लॉरेन्सने लोकरीच्या व्यापारात चांगली माया जमवली. १५३२ मध्ये आणि पुन्हा १५४५ मध्ये तो शहराचा महापौर झाला. याच सुमारास आठव्या हेन्रीने मठ बरखास्त करून त्यांच्या जमिनी सरकारजमा केल्या होत्या आणि त्या विक्रीला काढल्या होत्या. नॉर्दॅम्प्टनच्या सेंट अँड्र्यू मठाची सल्ग्रेव्ह गावातील जमीन लॉरेन्सने १५३९ मध्ये राजदरबाराकडून ३२४ पौंड, १४ शिलिंग आणि १० पेन्सला विकत घेतली आणि तेथे घर बांधले. ते घर आजही उभे आहे आणि त्याच्या प्रवेशद्वारावर घराण्याचे कुलचिन्ह पाहायला मिळते. व्यापारात पैसा मिळवायचा, तो जमिनीत घालायचा आणि दोन पिढ्यांत जमीनदार म्हणून प्रतिष्ठा मिळवायची, हा त्या काळच्या इंग्लंडमधील वर चढण्याचा ठरलेला मार्ग होता. सल्ग्रेव्ह हे त्याचे अगदी नेमके उदाहरण आहे.

ही भरभराट मात्र टिकली नाही. लॉरेन्सचा मुलगा रॉबर्ट याच्या हयातीतच सल्ग्रेव्ह हातचे गेले. नातू लॉरेन्स अल्थॉर्पच्या स्पेन्सर घराण्याच्या शेजारी, ब्रिंग्टन येथे राहू लागला आणि १६१६ मध्ये निधन पावल्यावर तेथील चर्चमध्येच त्याला पुरण्यात आले. त्याच्या मुलांपैकी लॉरेन्स याच नावाचा मुलगा ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजात शिकला, तेथेच फेलो झाला आणि पुढे एसेक्समधील पर्ली या गावी धर्मगुरू म्हणून रुजू झाला. तेथपर्यंत सारे सुरळीत होते. पण राजा आणि पार्लमेंट यांच्यातील यादवी युद्ध पेटले आणि १६४३ मध्ये पार्लमेंटच्या बाजूच्या लोकांनी त्याला पदावरून दूर केले. तो दारूच्या गुत्त्यांत वारंवार जातो, असा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला. राजनिष्ठ धर्मगुरूंना हटवण्यासाठी असे आरोप त्या काळी सर्रास केले जात, आणि या कुटुंबाची राजनिष्ठा उघडच होती; त्याचा पुतण्या कर्नल हेन्री वॉशिंग्टन याने १६४६ मध्ये वूस्टर शहर राजासाठी अखेरपर्यंत लढवले. त्यामुळे हा आरोप शब्दशः खरा मानणे मला अन्यायाचे वाटते.

पद गेले, उत्पन्न गेले. लॉरेन्सने १६५३ च्या आरंभी मॉल्डन येथे देह ठेवला. त्याची पत्नी अँफिलिस आणि मुले हार्टफर्डशरमधील ट्रिंग या गावी होती. थोरला मुलगा जॉन याला विद्यापीठाची किंवा धर्मपीठाची वाट आता खुली नव्हती, म्हणून तो व्यापारी जहाजावर चढला. 'सी हॉर्स ऑफ लंडन' हे त्याचे जहाज तंबाखू घेऊन व्हर्जिनियातून परत निघाले असताना १६५७ मध्ये पोटोमॅक नदीत गाळात रुतले. जॉन तेथेच राहिला. त्याने अ‍ॅन पोप हिच्याशी विवाह केला आणि सासऱ्यांकडून त्या जोडप्याला ७०० एकर जमीन मिळाली. जॉनचा मुलगा लॉरेन्स, त्याचा मुलगा ऑगस्टिन आणि ऑगस्टिनचा मुलगा म्हणजे १७३२ मध्ये जन्मलेले जॉर्ज वॉशिंग्टन.

प्रश्न : ही सारी साखळी इतकी नेमकी सांगता येते, म्हणजे वॉशिंग्टन कुटुंबाने आपली वंशावळ जपून ठेवली असणार. ती कोणाकडे होती?

उत्तर : तशी वंशावळ कोणाकडेही नव्हती. इंग्लंडमधील कुलचिन्हांचे प्रमुख अधिकारी सर आयझॅक हर्ड यांनी १७९१ च्या अखेरीस जॉर्ज वॉशिंग्टन यांना पत्र पाठवून त्यांच्या पूर्वजांची माहिती विचारली. वॉशिंग्टन यांनी मे १७९२ मध्ये उत्तर दिले. या विषयाकडे आपण फारच थोडे लक्ष दिले आहे, असे त्यांनी त्यात मोकळेपणाने लिहिले. आपले पूर्वज इंग्लंडच्या उत्तरेकडून आले, एवढे त्यांनी ऐकले होते. पण ते लँकशरचे, यॉर्कशरचे की त्याहून उत्तरेचे, हे त्यांना नक्की आठवत नव्हते. ज्या पणजोबांमुळे ते अमेरिकन झाले, ते स्वतः उत्तरेचे नव्हतेच. आणि तरीही ऐकीव स्मृतीत उत्तर दिशा टिकून राहिली होती, याचे मला फार कौतुक वाटते.

हर्ड यांनी पुढे जी वंशावळ जुळवली, ती एका पिढीने चुकली. व्हर्जिनियाला गेलेले दोन भाऊ जॉन आणि लॉरेन्स असल्याचे माहीत होते. ब्रिंग्टनच्या लॉरेन्सच्या मुलांतही जॉन आणि लॉरेन्स सापडले, म्हणून तेच ते भाऊ असे हर्ड यांनी मानले. नावे जुळली, काळही साधारण जुळला आणि दोन पिढ्या ही वंशावळ खरी मानली गेली.

लंडनमध्ये राहणारे अमेरिकन संशोधक जोसेफ लेम्युअल चेस्टर यांनी १८६६ मध्ये ती मोडीत काढली. त्यांची तर्कपद्धती साधी आणि चोख होती. हर्ड यांचा जॉन हा नाइट, म्हणजे 'सर जॉन' होता. तो नॉर्दॅम्प्टनशरमध्ये थ्रॅप्स्टन येथे राहिला आणि तेथेच त्याचे दफन झाले. व्हर्जिनियाच्या कागदांत मात्र कोठेही जॉनच्या नावामागे 'सर' नाही, आणि मिळालेली पदवी त्या काळचा माणूस कागदावर लिहायची सोडत नसे. हर्ड यांचा लॉरेन्स धर्मगुरू होता, व्हर्जिनियाचा लॉरेन्स नव्हता. चेस्टर यांनी चुकीचे उत्तर खोडले. खरे उत्तर मिळायला आणखी तेवीस वर्षे जावी लागली.

हेन्री वॉटर्स यांनी १८८९ मध्ये ते मांडले. इंग्लंडमधील मृत्युपत्रांचे दप्तर चाळताना त्यांना ट्रिंगच्या अँफिलिस वॉशिंग्टन यांच्या मृत्यूनंतरचा एक आदेश मिळाला. त्यानुसार त्यांच्या मालमत्तेची व्यवस्था 'मुलगा जॉन' याच्याकडे सोपवण्यात आली होती. अँफिलिस यांच्या सावत्र वडिलांच्या मृत्युपत्रात अँफिलिस यांच्या मुलांची नावे होती : जॉन, लॉरेन्स, मार्था आणि इतर. तिकडे व्हर्जिनियात जॉनने केलेल्या मृत्युपत्रात बहीण मार्था हिचा उल्लेख होताच. अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरच्या कागदांत तेच भाऊ आणि तीच बहीण भेटली, तेव्हा कोडे सुटले. हर्ड यांनी ज्या धर्मगुरू लॉरेन्सला परदेशी पाठवले होते, तो गेला नव्हता, त्याचे मुलगे गेले होते. एकट्या 'जॉन वॉशिंग्टन' या नावावर विसंबून हे कधीच ठरले नसते, कारण त्या काळच्या इंग्लंडमध्ये या नावाची अनेक माणसे होती. मार्थाने हा प्रश्न सोडवला, असे म्हटले तरी चालेल.

प्रश्न : अमेरिकेच्या ध्वजावरील पट्टे आणि तारे वॉशिंग्टन घराण्याच्या कुलचिन्हावरून घेतले, असे वाचले. ते खरे आहे का?

उत्तर : कुलचिन्हात पांढऱ्या पार्श्वभूमीवर दोन आडवे तांबडे पट्टे आणि त्यांच्या वर तीन तांबडे पंचकोनी तारे आहेत, त्यामुळे तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु १४ जून १७७७ रोजी अमेरिकन काँग्रेसने ध्वजाविषयी जो ठराव केला, त्यात किंवा त्या काळच्या कागदपत्रांत या कुलचिन्हाचा उल्लेख नाही. पट्ट्यांचा ध्वज तर त्याआधीच वापरात होता. ही कथा पुढे एकोणिसाव्या शतकात लोकप्रिय झाली. खात्रीने त्या कुलचिन्हावरून घेतलेला ध्वज वेगळा आहे. तो १९३८ मध्ये स्वीकारलेला वॉशिंग्टन शहराचा ध्वज.

प्रश्न : आज अमेरिकेत वॉशिंग्टन आडनावाचे बहुतेक लोक कृष्णवर्णीय आहेत. ते राष्ट्राध्यक्षांच्या गुलामांचे वंशज आहेत का?

उत्तर : अमेरिकेच्या २००० च्या जनगणनेत या आडनावाचे १ लाख ६३ हजारांहून अधिक लोक नोंदले गेले आणि त्यांपैकी सुमारे ९० टक्के कृष्णवर्णीय होते. एका इंग्रज सरदाराने बाराव्या शतकात धारण केलेले नाव आज मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या माणसांचे आडनाव आहे, आणि या आडनावाच्या इतिहासातला हा भाग मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. तरीही आपल्या प्रश्नाचे उत्तर सरसकट 'होय' असे देता येत नाही.

जॉर्ज वॉशिंग्टन यांना स्वतःचे मूल नव्हते. १७९९ मध्ये त्यांच्या माउंट व्हर्नन या इस्टेटीवर ३१७ गुलाम होते आणि त्यांपैकी स्वतःच्या मालकीच्या १२३ जणांना मुक्त करावे, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले. पण मुक्त झालेल्यांनी मालकाचेच आडनाव घेतले, असा नियम नव्हता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात सतत त्यांच्यासोबत राहिलेला सेवक विल्यम ली हा पूर्वीच्या मालकांचे आडनाव लावत असे आणि अखेरपर्यंत तो 'ली'च राहिला.

याउलट हॅरी नावाच्या माणसाचे पाहा. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून आणलेला हा गुलाम १७७६ मध्ये माउंट व्हर्ननहून निसटला आणि ब्रिटिशांना जाऊन मिळाला. युद्ध हरल्यावर ब्रिटिशांनी १७८३ मध्ये न्यूयॉर्क सोडले, तेव्हा आपल्यासोबत नेलेल्या कृष्णवर्णीयांची त्यांनी नोंदवही केली. तीत त्याचे नाव 'हॅरी वॉशिंग्टन' असे आहे आणि तो पूर्वी जनरल वॉशिंग्टन यांच्या मालकीचा होता, असाही शेरा आहे. तो आधी कॅनडातील नोव्हा स्कोशियाला आणि १७९२ मध्ये तेथून सिएरा लिओनला गेला. तेथील कंपनी सरकारने वसाहतकऱ्यांच्या जमिनींवर खंड लादला, त्याविरुद्ध १८०० मध्ये उठाव झाला आणि त्यात भाग घेतल्याबद्दल हॅरीला हद्दपारी भोगावी लागली. ज्याच्या गुलामगिरीतून तो पळाला, त्याचेच आडनाव त्याने लावले आणि त्याच नावाने तो अन्यायी आकारणीविरुद्ध उभा राहिला. या माणसाविषयी मला नितांत आदर वाटतो.

बहुसंख्य लोकांकडे मात्र हे आडनाव १८६५ मध्ये गुलामगिरी संपल्यानंतर आले. मुक्त झालेल्या लक्षावधी माणसांना शाळेत, मजुरीच्या करारात, लष्करी निवृत्तिवेतनासाठी आडनाव देणे भाग पडले. काहींनी मनात आधीपासून जपलेले आडनाव उघडपणे लावले, काहींनी नवे निवडले. राष्ट्राच्या पहिल्या अध्यक्षांचे नाव प्रत्येकाच्या कानावर होते आणि आपण या देशाचे नागरिक आहोत, हे सांगण्याची ती एक रीत होती. पुढे थोर शिक्षणतज्ज्ञ झालेले बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १९०१ च्या आपल्या आत्मचरित्रात हा प्रसंग सांगितला आहे. शाळेच्या पहिल्या दिवशी हजेरी घेतली जात असताना इतर मुलांना दोनदोन नावे असल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्यांना तर फक्त 'बुकर' एवढीच हाक परिचित होती. शिक्षकांनी पूर्ण नाव विचारताच त्यांनी शांतपणे 'बुकर वॉशिंग्टन' असे सांगून टाकले. त्यांच्या सावत्र वडिलांचे पहिले नाव वॉशिंग्टन होते. आईने आपले नाव 'टॅलिफेरो' असेही ठेवले होते, हे कळल्यावर त्यांनी ते मधले नाव म्हणून घेतले. म्हणजे या आडनावाचा डरॅमशी, सल्ग्रेव्हशी किंवा माउंट व्हर्ननशी कोणताही रक्तसंबंध नाही. ते एका मुलाने वर्गात उभे राहून स्वतः घेतलेले नाव आहे. हर्टबर्नच्या विल्यमनेही नाव घेतलेलेच होते, तेव्हा या दोघांत मी उजवेडावे करणार नाही.

प्रश्न : माझ्या मैत्रिणीचे पती इंग्लंडचे असून त्यांचे आडनाव वॉशिंग्टन आहे. राष्ट्राध्यक्षांच्या घराण्याशी आपले नाते आहे आणि ते कुलचिन्ह आपण वापरू शकतो, असे त्यांना वाटते. याची खातरजमा कशी करावी?

उत्तर : प्रथम हे लक्षात घ्यावे की, इंग्लंडमध्ये वॉशिंग्टन नावाची गावे दोन आहेत. दुसरे दक्षिणेला ससेक्समध्ये आहे आणि तेथून बाहेर पडलेल्या माणसांनाही हेच आडनाव मिळू शकत होते. शिवाय गावच्या जमीनदाराप्रमाणेच गाव सोडून परमुलखात गेलेला साधा कुळवाडीही नव्या ठिकाणी मूळ गावाच्या नावाने ओळखला जाई. म्हणून आडनाव एक असणे हा नात्याचा पुरावा होत नाही.

शोध नेहमी स्वतःपासून मागे जात करावा. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंदणी १८३७ पासून आहे. तिच्या आधारे साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पोहोचता येते. त्यापलीकडे पॅरिश चर्चच्या नोंदवह्या पाहाव्या लागतात. आठव्या हेन्रीचे मंत्री थॉमस क्रॉमवेल यांच्या आदेशाने त्या १५३८ पासून ठेवल्या जाऊ लागल्या, पण सगळ्या चर्चच्या वह्या तेथपासून टिकलेल्या नाहीत आणि यादवी युद्धाच्या वर्षांत बऱ्याच ठिकाणी त्यांत खंड पडला आहे. तेथे मृत्युपत्रे कामी येतात. वॉटर्स यांनाही तीच कामी आली. पत्नी, बहिणी, जावई, धर्मपुत्र अशी नावे त्यांत एकत्र येतात आणि दोन समान नावांच्या माणसांमधला फरक त्यांवरूनच कळतो.

कुलचिन्हाबाबत इंग्लंडचा कायदा स्पष्ट आहे. ते आडनावाला नव्हे, व्यक्तीला दिले जाते आणि तिच्या पुरुषवंशातील औरस वारसांनाच ते लावता येते. 'आपल्या आडनावाचे कुलचिन्ह' म्हणून बाजारात जी चित्रे विकली जातात, त्यांनी कोणताही हक्क मिळत नाही. लंडनमध्ये १४८४ पासून असलेली कॉलेज ऑफ आर्म्स ही संस्था याबाबत निर्णय देते, आणि तिच्याकडे अर्ज करण्यापूर्वी प्रत्येक पिढीचा कागद हाती असावा लागतो.